दहाची अकरा: एकादशी, बकरी ईद आणि आमच्या गावची गटार

सर्वधर्म समभाव वगैरे शब्द कुठं ऐकले की मला हल्ली आमच्या चावडीपुढची गटारच आठवते. हसू नका, खरंच. 2022 च्या आषाढात आमच्या गावात जी भानगड झाली आणि मिटली ती पहिल्यापासून नीट लिहून काढायची होती, कारण त्या बैठकीत मी दुभाषा म्हणून बसलो होतो आणि सगळ्यात मोठा घोटाळा माझ्याच तोंडून झाला. गाव निपाणी तालुक्यातलं, वेदगंगेच्या काठचं. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची पण नाही, ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळतंय.

गावात मराठा घरं जास्त, त्याखालोखाल जैन आणि लिंगायत, आणि चावडीच्या मागं मुल्ला गल्ली. आचार्य शांतिसागर महाराजांचं भोज आमच्यापासून काही लांब नाही, त्यामुळं आमच्याकडचा जैन म्हटलं की पेढीवरचा शेठ डोळ्यापुढं आणू नका, तो तंबाखू आणि ऊस करणारा पाटील असतो, चिखलात पाय भरलेला. भाषेचं तर विचारूच नका, आमची मराठी, मुल्ला गल्लीत दखनी, जैनांच्या घरात अर्धी कन्नड, आणि पंचायतीचा कागद आला की तो कन्नडमधला, म्हणून सगळे तो घेऊन माझ्याकडं येतात, मी हायस्कूलला मास्तर.

आणि एक गोष्ट पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगतो. आमच्या म्हसोबाच्या जत्रेला मराठ्यांची बकरी पडतात ती मुलाण्याच्या हातनं. तो बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवतो, त्याचा मान त्याला मिळतो, आणि निवद म्हसोबाला जातो. हे बलुतं आहे, पिढ्यान् पिढ्या चाललंय, कुणाला त्यात काही विचित्र वाटत नाही.

आता तारखांचं गणित. मुसलमानी वर्ष निव्वळ चंद्राचं, 354-355 दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही, कुराणातच त्याला मनाई आहे. आपण दर 32-33 महिन्यांनी अधिक महिना घालून चंद्राला सूर्याबरोबर ओढून आणतो, ते ओढत नाहीत, म्हणून ईद दरवर्षी 10-11 दिवस मागं सरकते आणि सगळ्या ऋतूंतनं फिरून येते. पण चंद्र दोघांचा एकच ना. त्यांचा महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे आपल्या अमावस्येनंतर दिवसभर उशिरा, त्यामुळं त्यांची दहा तारीख आपल्या दशमी-एकादशीच्या आसपासच पडते. बकरी ईद जिल्हिज या त्यांच्या शेवटच्या महिन्याच्या दहाला. म्हणजे ज्या वर्षी जिल्हिज आषाढात आला त्या वर्षी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकमेकांच्या मांडीवर बसणार, यात कुणाचं कारस्थान नाही. 1989-90 च्या सुमारास असंच झालं होतं. मग 2021 ला एकादशी 20 जुलैला आणि ईद 21 ला, आणि 2022 ला दोन्ही थेट 10 जुलैला, रविवारी.

ठिणगी पडली ती 2021 च्या फोटोमुळं. त्या वर्षी कोरोनामुळं दिंडी नव्हतीच, पण द्वादशीला पारणं सोडायला लोक देवळाकडं निघाले होते, पाऊस धो धो, आणि मुल्ला गल्लीतनं येणाऱ्या उघड्या गटारीचं पाणी चावडीपुढं रस्त्यावर आलं, लालसर. कुणीतरी फोटो काढला. त्या वर्षी तो चार जणांतच फिरला. पण 2022 ला कालनिर्णयात दोन्ही सण एकाच चौकोनात दिसले, तसा तोच फोटो जूनमध्ये परत वर आला, खाली ओळ अशी की यंदा विठोबाच्या दिवशीच हे होणार, चालणार आहे काय. त्यावर मुल्ला गल्लीतल्या एका पोरानं स्टेटस ठेवलं की म्हसोबाला कापता तेव्हा गटारीत काय गुलाबपाणी जातंय काय. झालं. दोन्हीकडची पोरं पंचविशीच्या आतली, यातल्या एकालाही जिल्हिज कशाशी खातात आणि एकादशीला पारणं कधी सोडतात हे धड सांगता आलं नसतं.

जिल्हिजचा चांद 30 जूनला दिसला. रमजान ईदला चांद दिसला की दुसऱ्या दिवशी ईद, पण बकरी ईदला नऊ-दहा दिवस हातात मिळतात. मला तरी वाटतं आमचं गाव त्या दहा दिवसांनीच वाचवलं.

मंगळवारी, 5 जुलैला, पोलीस ठाण्यात शांतता बैठक. साहेब नवे, तिकडं लांबच्या कन्नड भागातले, मराठी समजायची पण बोलायचे नाहीत. भजनी मंडळाचे आण्णा, जमातीचे चाचा, सोबत मशिदीतले मौलाना, ते उत्तरेकडचे, त्यांना मराठी येत नाही, जैन समाजाचे आप्पा, पंचायतीचे अध्यक्ष, पीडीओ म्हणजे पंचायतीचा विकास अधिकारी, आणि तालुक्याचे एक पुढारी, त्यांना कुणी बोलावलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढारी पहिलं बोलले. अर्धा तास. सगळे धर्म एकच शिकवतात, नद्या वेगवेगळ्या पण समुद्र एक, आपल्या बेळगावच्या किल्ल्यात बघा 1204 सालची कमल बस्ती, म्हणजे जैनांचं देऊळ, आणि 1519 ची साफा मशीद एकाच कोटाच्या आत उभ्या हायत, कधी भांडल्या काय? निपाणीचा उरूस बघा, दस्तगीरसाहेबांचा दर्गा आणि तो प्रतिष्ठापित केला चव्हाण घराण्यातल्या संत बाबा महाराजांनी. वारकऱ्यांत श्रीगोंद्याचे शेख महंमद होते की नाही? सगळं खरं हो. पण बस्ती आणि मशीद दगडाच्या आहेत, त्यांच्या मधनं गटार वाहत नाही, आणि दगडाला उपवास नसतो.

त्या भाषणाचा परिणाम उलटाच झाला. मागं बसलेला आमच्याकडचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, सगळं एकच हाय तर बकरं कापायचंच कशाला, त्या पैशाची खिचडी वाटा की. बघा म्हणजे, गोड वाक्यातनं किती लवकर काटा निघतो! सगळे सारखे म्हटलं की लगेच पुढचं येतं, मग तुम्ही आमच्यासारखे का नाही. चाचांचा चेहरा उतरला. ते शांत माणूस, पस्तीस वर्षं गाडी चालवली, ते म्हणाले, "साहेब, एकच असतं तर आपण हितं कशाला बसलो असतो ओ? एक न्हाय म्हणूनच बसलोय. त्यांचा उपवास हाय, आमची कुर्बानी हाय. ते आधी मान्य करा, मग काय करायचं ते बघू." गंमत म्हणजे आण्णांनी पण मान डोलावली. आण्णांना पण ते समुद्र-बिमुद्र आवडलं नव्हतं. गळ्यात माळ घातल्यापासून ज्यानं अंडं शिवलं नाही त्याला तुमचं आणि त्यांचं एकच म्हणून सांगितलं तर तो काय खूश होणार आहे?

साहेबांनी मला कन्नडमधनं सांगायला लावलं, नेमकं काय असतं त्या दिवशी. आणि मी, शहाणा, कुर्बानीला कन्नडमध्ये बली म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही. साहेब ताडकन सरळ बसले, बली म्हणजे? कर्नाटकात 1959 चा कायदा आहे देवळाच्या आवारात प्राणीबळी द्यायला बंदी करणारा, पोलिसांना तो पाठ असतो कारण दर यात्रेला त्यांची ड्यूटी लागते, ते लगेच कायद्यावर आले. पीडीओनं वहीत काहीतरी लिहिलं. मौलानांना चाचांनी कानात सांगितलं काय चाललंय ते, तसे ते उठायलाच लागले. दोन-तीन मिनिटं अशी गेली की मला वाटलं आता हे सगळं माझ्या एका शब्दानं फिस्कटलं.

मग मी माफी मागून परत सांगितलं, आणि तेव्हाच मला स्वतःला पहिल्यांदा नीट उमगलं की हे दोन्ही किती वेगळं आहे. आपला बळी देवाला जातो. म्हसोबाला निवद दाखवायचा, तो त्यानं घेतला असं मानायचं, आणि उरलेला प्रसाद म्हणून आपण खायचा. देव जेवतो. कुर्बानीत देव जेवतच नाही. कुराणात स्पष्ट आहे की मांस आणि रक्त अल्लापर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची निष्ठा. मांसाचे रिवाजानं तीन वाटे, एक घरात, एक नात्यागोत्यात शेजारीपाजारी, एक गरिबाला. कुर्बानी या शब्दाच्या मुळाशी जवळ जाणं हा अर्थ आहे, ज्यूंच्या हिब्रूत पण कोरबान हाच शब्द, पण इ.स. 70 ला रोमन लोकांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं तेव्हापासून त्यांचं बंद पडलं आणि त्या जागी प्रार्थना आली. ख्रिस्ती म्हणतात येशूचं बलिदान एकदाच झालं आणि ते सगळ्यांसाठी पुरलं. इब्राहिमची गोष्ट तिघांचीही, पण बायबलमध्ये मुलगा इसहाक, आणि मुसलमान मानतात तो इस्माईल, कुराणात त्या ठिकाणी नाव दिलेलं नाही. एवढं सगळं मी ठाण्यात सांगितलं नाही हां, तिथं फक्त देव जेवतो आणि देव जेवत नाही एवढंच सांगितलं, आणि साहेब पहिल्यांदा हसले.

त्यानंतर बैठक खरी सुरू झाली असं मी म्हणतो. कारण आता प्रश्न असा झाला की कुणाचं काय हलतं आणि काय हलत नाही.

एकादशी हलत नाही, ती तिथी आहे. ईदची नमाज दुसऱ्या दिवसावर जात नाही, पण वेळ हलते, सूर्य थोडा वर आल्यापासून दुपारच्या आधीपर्यंत कधीही. कुर्बानी हलते. नमाजच्या आधी केली तर ती धरत नाहीत, पण नंतर दहा, अकरा आणि बारा अशा तीन दिवसांत बाराच्या सूर्यास्तापर्यंत कधीही चालते, हनफी पंथात तरी असंच, शाफई पंथाचे तेरालाही करतात. दिंडीचा रस्ता हलत नाही असं आमच्या पोरांचं म्हणणं होतं, शंभर वर्षांची परंपरा म्हणे, तर आण्णाच म्हणाले, "कसली शंभर, माझ्या लहानपणी दिंडी वरच्या आळीनं जायची, चावडीपुढचा रस्ता डांबरी झाला तसं सगळे तिकडनं जायला लागले, चिखल नको म्हणून." त्यावर कुणी काही बोललं नाही.

ठरलं ते असं. नमाज सातला. इदगाहची वाट आणि दिंडीची वाट एकच म्हणून दिंडी साडेनऊला. रस्ता तोच. रविवारी कुर्बानी नाही, सोमवार-मंगळवारी, दहाची अकरा. गल्लीच्या मागच्या पडीक जागेत दोन खड्डे, पंचायतीनं जेसीबी द्यायचा, ब्लिचिंग पावडर द्यायची, गटारीवर फरशा टाकायच्या. फरशा टाकल्या नाहीत, हे आत्ताच सांगून टाकतो.

चाचांनी जे दिलं ते फुकट दिलं असं समजू नका. तीन दिवस चालतं हे खरं, पण पहिल्या दिवसाचं मोल जास्त मानतात. कितीतरी जण चांद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस-नखं काढत नाहीत, त्यांचं ते एक दिवसानं वाढलं. सकाळपासून उपाशी राहून कुर्बानीच्याच कलेजीनं तोंड सोडायचं अशी रीत, ती त्या वर्षी गेली. आणि मुलाण्याचं वेगळंच, तीन दिवसांचं काम दोन दिवसांत, तो बैठकीत नव्हता, त्याला कुणी विचारलंच नाही. नंतर मला भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तुमची शांतता माझ्या खांद्यावर आली बघा." हे माझं पण चुकलं.

आता आप्पांचं. बैठक उठायच्या वेळी साहेबांनी शिष्टाचार म्हणून विचारलं, जैन समाजाचं काही? आप्पा तासभर नुसते बसले होते. ते मला म्हणाले, कन्नड येत असूनही मराठीतच, "सर, सांगा साहेबांना. आमचं अष्टान्हिक, आठ दिवसांचं व्रत, चालू होतंय गुरुवारपासनं, आषाढातल्या अष्टमीपासनं पुनवेपर्यंत. तुम्ही दहाची अकरा केलासा, विठोबाचं भागलं. आमचं कुठं भागतंय? तिन्ही दिवस आमच्या अष्टान्हिकातच पडत्यात. आणि आमचं बोलायचंच म्हटलं तर वर्षाचे सगळे दिवस बोलाय लागंल, म्हसोबाच्या जत्रेला पण बोलाय लागंल. म्हणून आम्ही बोलत न्हाय."

मी हे कन्नडमध्ये सांगितलं. साहेब म्हणाले, म्हणजे हरकत नाही ना? आप्पा म्हणाले, "हरकत हाय. मागणी न्हाय."

जैन म्हटलं की लोक लगेच अनेकांतवादावर येतात, सत्याला अनेक बाजू असतात म्हणून ते सहनशील वगैरे. आप्पांना असलं काही म्हणायचं नव्हतं. त्यांच्या लेखी बकरं मारणं हे पापच, ईदला मारा, जत्रेला मारा, नाहीतर हॉटेलात मारा. एक बाजू पण नाही आणि दोन बाजू पण नाहीत. फक्त त्यांनी ठरवलंय की या पापाचा हिशेब मारणाऱ्याच्या खात्यावर आहे आणि आपण आपला उपवास करायचा. सहिष्णुता या शब्दातला सह् म्हणजे सोसणं हा धातू मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिलाय, त्या दिवशी ठाण्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला बघितला.

रविवारी पाऊस होताच. इदगाहवर चिखल म्हणून नमाज मशिदीतच, दोन तुकड्यांत, त्यामुळं दुसरी तुकडी सुटायला नऊ वाजले आणि साडेनऊचा वेळ दहावर गेला, आण्णा देवळाच्या पायरीवर वीणा घेऊन उभेच, एक शब्द बोलले नाहीत पण घड्याळाकडं चार वेळा बघितलं. दिंडी मुल्ला गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा तिथं पत्र्याखाली बोकड बांधलेले, एकाला अंगावर पोतं घातलेलं, भिजू नये म्हणून. एकादशीमुळं प्रत्येक पोराच्या हातात केळं. दिंडीतली दोन पोरं टाळ काखेत मारून त्या पोत्यातल्या बोकडाला सालं चारत बसली, दिंडी पुढं गेली तरी यांचं चालूच, शेवटी एकाच्या आईनं कान धरून नेलं. बोकड लांबपर्यंत ओरडत होता. सोमवारी तो गेला.

आणि सोमवारीच एक गोष्ट झाली जी बैठकीत कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. शेजारपाजारच्या वाट्यातलं मटण चाचांकडनं दरवर्षी सातआठ मराठा घरांत जातं, ते लोक आवडीनं घेतात, हे आमच्याकडं उघड गुपित. पण सोमवारी कोण खातंय? शिवाय द्वादशी. आम्हीच ज्यांना अकरावर ढकललं त्यांचा वाटा घ्यायला आम्हीच मोकळे नव्हतो. चाचांची सून डबे घेऊन दोन दारांतनं परत आली, तिला वाटलं फोटोचा राग अजून आहे. मग संध्याकाळी आण्णांच्याच शेजारणीनं निरोप धाडला, राग नाही गं बाई, सोमवार हाय, फ्रीजमध्ये ठीव, उद्या पाठीव. मंगळवारी सगळे डबे रिकामे झाले.

2023 ला परत तेच, 29 जून, गुरुवार. त्या वर्षी महाराष्ट्रात पण बऱ्याच ठिकाणी मुस्लिम समाजानं आपणहून एकादशीला कुर्बानी नको असं ठरवलं होतं, त्यामुळं आमच्याकडं बैठक पाच मिनिटांची. फक्त मुल्ला गल्लीतल्या एका घरानं त्याच दिवशी दुपारी आतल्या पडवीत कुर्बानी केली, कारण पोराचं दुबईचं तिकीट 30 चं होतं आणि त्याला ती बघून जायचं होतं. आमच्या पोरांना वास लागला, आण्णांकडं आली तक्रार घेऊन. आण्णा म्हणाले, "मी दिंडी रस्त्यावरनं काढतोय, लोकांच्या उंबऱ्याच्या आतनं न्हाय." आता हा शब्द मोडणं झालं की नाही? झालं. चाचांना पण माहीत होतं, त्यांनी त्या घराशी महिनाभर बोलणं टाकलं. पण आण्णांना हे त्यांनी सांगितलं नाही आणि आण्णांनी आपल्याला कळलंय हे चाचांना सांगितलं नाही. माझ्या मते ठाण्यातल्या बैठकीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं होतं, पण याचं इतिवृत्त कोण लिहिणार.

त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि गणित एक घर सरकलं. 2024 ला 17 जुलैला आणि 2025 ला 6 जुलैला एकादशीच्या दिवशी मोहरमची दहा तारीख. दोन मिरवणुका, एक दिवस, एक चावडी, आणि शांतता बैठकीचं नाव कुणी काढलं नाही. कारण आमच्याकडं पंजा, म्हणजे मोहरमचा पीर, उचलायचा मान एका मराठा घराकडं, आदल्या खत्तलरात्रीला जागणारे निम्मे भजनी मंडळातलेच, सकाळी तेच डोळे चोळत टाळ घेऊन उभे. कर्बलेचा शोक पाळणाऱ्या कुणा शिया माणसानं आमचा मोहरम बघितला तर त्याला तो ओळखू येईल की नाही शंका आहे, आणि आमचे मौलाना तर त्या दोन दिवसांत गावातच थांबत नाहीत, त्यांना हे पंजे-बिंजे मान्यच नाहीत. म्हणजे बघा, जिथं मिसळून गेलंय तिथं गावात भांडण नाही पण मौलानांना पटत नाही, आणि जिथं सगळं शास्त्राप्रमाणं आहे तिथं ठाण्यात जावं लागतं.

2026 ला अधिक ज्येष्ठामुळं ही गाठच सुटते. बकरी ईद आणि आषाढी परत एकत्र यायची ती 2055 च्या आसपास. चाचा म्हणाले, तवर आपण कुठले. 1989-90 ला काय केलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून आण्णांनी मला भजनी मंडळाच्या वहीत सगळं लिहून ठेवायला सांगितलं, वेळा, खड्ड्यांची जागा, सोमवारची भानगड, मुलाण्याला आधी विचारा, बली हा शब्द वापरू नका, सगळं. मी तीन पानं लिहिली आणि आप्पांना वाचायला दिली, त्यांचं अक्षरावर बारीक लक्ष असतं म्हणून.

आप्पांनी चष्मा लावून तिन्ही पानं वाचली, मग विचारलं, "सर, ह्यात आम्ही कुठं हाय?"

खरंच नव्हते. भांडण त्यांच्याशी नव्हतं, ठराव त्यांच्यासाठी नव्हता, म्हणून माझ्या हातनं ते सुटूनच गेले. मी तिथंच बसून खाली लिहिलं की तिन्ही दिवस जैन समाजाचं अष्टान्हिक असतं, त्यांची हरकत आहे, मागणी नाही, आणि 2022 पासून चाचा मटणाचे डबे आणि कातड्याची गाडी बस्तीच्या रस्त्यानं नेऊ देत नाहीत, मागच्या ओढ्याकडनं नेतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आप्पांनी ते परत वाचलं, माझं अष्टान्हिकचं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं, आणि वही मिटून दिली.